दत्तक मुलगी, ‘रक्ताचा गुण’ आणि घरातलं पहिलं वर्ष

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही घणसोलीला राहता. कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत ओडिशातल्या एका शिशुगृहातून वीस महिन्यांची मुलगी दत्तक घेतलीत, तिला घरी येऊन दीड महिना झाला. ती पडली तरी रडत नाही. लिफ्टमध्ये जो भेटेल त्याच्यापुढे हात पसरते. पोळीचा तुकडा मुठीत धरून झोपते आणि झोपण्याआधी रांगायच्या स्थितीत पुढेमागे डुलत राहते. कऱ्हाडच्या आत्याबाई म्हणतात, ‘काहीही करा, रक्ताचा गुण जात नाही.’ ऑफिसातली मैत्रीण म्हणते, ‘सगळं संगोपनावर असतं, चांगल्या प्लेस्कूलमध्ये लगेच घाल.’ तुम्ही विचारलंय, माणूस घडण्यात संगोपनाचा वाटा नेमका किती टक्के? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ आहे: ‘मला अजून आईसारखं वाटत नाही.’

मी नवी मुंबईत विकासात्मक बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. दत्तक मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे नेहमी येतात आणि टक्क्यांचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याच्या आड दुसराच प्रश्न असतो. वीस महिने हातातून गेले, आता जे करू ते पुरेल का? आणि ते करायला मी पुरी पडेन का? उत्तर द्यायचं आहे ते याला. तरी सुरुवात टक्क्यांपासूनच करते, कारण तो आकडा डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही आत शिरत नाही.

त्याआधी एवढं लक्षात घ्या की मुलीला मी तपासलेलं नाही. जन्माचं वजन किती होतं, दिवस भरायच्या आधी जन्मली का, शिशुगृहात कितव्या दिवशी आली, तिथे एका मावशीकडे किती मुलं होती, मधे मोठं आजारपण झालं का, ऐकू नीट येतं का, यावर उत्तर बरंच बदलतं. यातलं काही बाल अभ्यास अहवालात आणि वैद्यकीय तपासणी अहवालात मिळेल. मूल घरी आणायच्या घाईत हे अहवाल नीट वाचलेले नसतात, आता पुन्हा काढून वाचा. शिवाय एकाच शिशुगृहातल्या दोन मुलांचे वीस महिनेसुद्धा सारखे जात नाहीत. एखाद्या मावशीला एखादं मूल लळा लावतं. ती जाता-येता त्याला उचलते, त्याच्याशी दोन शब्द जास्त बोलते, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. म्हणून शिशुगृहात फोन करून विचारा, हिला जास्त कोण घ्यायचं? ती मावशी सापडली तर तिच्याशीच बोला. झोपवताना काय म्हणायची, हाक कशी मारायची, भात कसा भरवायची. ही माहिती तुम्हाला कुठल्याही रक्ततपासणीतून मिळणार नाही.

आता टक्के. जुळ्यांवर पन्नासेक वर्षांत झालेल्या २,७४८ संशोधनांची एकत्र मोजणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. उंचीपासून स्वभावापर्यंत सगळे गुण धरले तर माणसामाणसांतल्या फरकाचा सरासरी ४९ टक्के भाग आनुवंशिक निघाला. म्हणजे आत्याबाई आणि मैत्रीण, दोघींना निम्मे निम्मे गुण द्यायला हरकत नाही. पण हा आकडा बोलतो तो एका मोठ्या समूहातल्या माणसांमधल्या फरकाबद्दल. तुमच्या मुलीचा अर्धा भाग ओडिशातून आला आणि उरलेला अर्धा घणसोलीत भरायचा, असा त्याचा अर्थ होत नाही. उंचीचंच घ्या. एकाच समाजातल्या माणसांच्या उंचीतला फरक साधारण ८० टक्के आनुवंशिक असतो. तरीही दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. शंभर वर्षांत जनुकं काही बदलत नाहीत. अन्न बदललं, आजार कमी झाले. उंच आईची मुलगी तेव्हाही शेजारणीच्या मुलीपेक्षा उंच होती, आजही आहे. फक्त दोघीही आपापल्या पणजीपेक्षा पुष्कळ उंच आहेत.

बुद्धीच्या बाबतीत हेच दत्तक मुलांमध्ये दिसलं, आणि तेही फार पूर्वी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मेरी स्कोडाक आणि हॅरॉल्ड स्कील्स या दोघांनी १०० दत्तक मुलांचा वर्षानुवर्षं माग काढला आणि १९४९ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या जन्मदात्या आयांची चाचणी झाली होती त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८६ च्या आसपास होता. दत्तक घरांत वाढलेल्या मुलांचा १०६ च्या आसपास निघाला. वीस गुणांचा फरक! पण त्या मुलांमध्ये कोण थोडं पुढे आणि कोण थोडं मागे हे पाहिलं, तर त्याचा संबंध जन्मदात्या आईशी लागत होता. दत्तक आईवडिलांच्या शिक्षणाशी जवळजवळ नाहीच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरल्या. घराने सगळ्याच मुलांना वर उचललं, आणि त्यांच्यातला आपापसातला फरक बराचसा जन्मतः आला तसा राहिला.

तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा, की तुमची मुलगी तुमच्या घरात फुलेल, पण तुमच्यासारखी होईलच असं नाही. तुम्ही दोघं शांत, पुस्तकांत रमणारे असाल आणि ही दिवसभर भिंती चढणारी निघेल. गणित तुमचा हातखंडा असेल आणि तिला गाण्यात रस असेल. दहा-बारा वर्षांची झाली की हे जास्तच ठळक होतं. तेव्हा कुणीतरी ‘बघा, रक्त बोललं’ म्हणणारच. बोलू दे की! पोटच्या मुलांतही ते बोलतं, फक्त तिथे आपण कौतुकाने ‘अगदी मामावर गेलाय’ म्हणतो. मूल आपल्या साच्यात बसलं नाही म्हणजे संगोपन फसलं, हा हिशेबच मला पटत नाही.

मग संगोपन नेमकं करतं काय? याच स्कील्सची एक जुनी हकीकत मी पालकांना हमखास सांगते. १९३०च्या दशकात तो आयोवातल्या एका अनाथालयात मानसशास्त्रज्ञ होता. जागा कमी, मुलं खूप. तान्ही मुलं पाळण्यांत पडून असत. दूध वेळेवर, कपडे स्वच्छ, पण अंगाखांद्यावर खेळवायला कुणी नाही. दीड वर्षाच्या आतबाहेरच्या दोन मुली इतक्या मागे पडल्या होत्या की त्यांना ‘मतिमंद’ ठरवून मोठ्या स्त्रियांच्या एका संस्थेत हलवलं. तिथल्या रहिवासी स्त्रिया स्वतःच बौद्धिक अक्षमता असलेल्या, म्हणजे मुलींकडून कसलीच अपेक्षा नव्हती. काही महिन्यांनी स्कील्स तिथे गेला तर दोघी चालत होत्या, हसत होत्या, खेळत होत्या. त्या वॉर्डातल्या बायकांनी त्यांना आपलंसं केलं होतं. एकेकीला एक खास ‘आई’ मिळाली होती, बाकीच्या मावश्या झाल्या होत्या.

मग त्याने तीन वर्षांखालची आणखी मुलं मुद्दाम अशीच पाठवली. एकूण तेरा. त्यांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे २८ गुणांनी वाढला. अनाथालयातच राहिलेल्या बारा मुलांचा मधल्या काळात सुमारे २६ गुणांनी घसरला. तेरापैकी अकरा जण पुढे दत्तक गेले. ही मुलं तिशीच्या आसपास पोहोचल्यावर त्याने सगळ्यांचा शोध घेतला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा तेराही जण आपापल्या पायावर उभे होते आणि त्यांच्यातला मधला माणूस बारावीपर्यंत शिकलेला होता. दुसऱ्या गटातला मधला माणूस तिसरीच्याही पुढे गेला नव्हता आणि काही जण तेव्हाही संस्थांमध्येच होते.

त्या स्त्रियांना बालविकासाचं ज्ञान नव्हतं, त्यांच्याकडे महागडी खेळणी नव्हती, आणि कागदोपत्री बुद्धी तर कमीच लिहिलेली होती. त्यांच्याकडे वेळ होता, आणि त्यांतल्या प्रत्येकीला एकेक ठरावीक मूल ‘आपलं’ वाटत होतं. त्या मुलांना अनाथालयात कमी पडलं होतं ते नेमकं हेच. दूध आणि कपडे तिथेही मिळतच होते. तुमच्या मुलीची काळजी शिशुगृहात कुणी घेतली नाही असं मी म्हणत नाही. तीन पाळ्यांत बदलणाऱ्या मावश्या कितीही मायाळू असल्या तरी ‘हाक मारली की हाच माणूस येणार’ हा भरवसा तयार होणं तिथे कठीण असतं, एवढंच.

स्कील्सच्या प्रयोगावर एक रास्त आक्षेप आहे. कुठलं मूल कुठे जाईल हे त्याने चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. तशी चिठ्ठी बुखारेस्टमध्ये टाकली गेली. रुमानियात १९८९ मध्ये हुकूमशहा चाऊशेस्कूची सत्ता कोसळली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांमध्ये सापडली. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघांनी संस्थांतली १३६ मुलं निवडली, वय सहा ते एकतीस महिने. त्यांतली निम्मी मुलं चिठ्ठीने निवडून खास तयार केलेल्या पालक कुटुंबांत ठेवली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, भावनिक जवळीक, मेंदूतल्या विद्युतलहरी, सगळं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुधारलं. बहुतेक बाबतींत सर्वांत जास्त फायदा दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना झाला.

तुमची मुलगी घरी आली तेव्हा वीस महिन्यांची होती, म्हणून हा आकडा वाचून सुटकेचा श्वास टाकाल. टाका, पण चोविसावा महिना उजाडला की दार बंद होतं असं समजून घाईघाईने सगळं उरकायला जाऊ नका. फ्रान्समध्ये चार ते सहा वर्षांच्या वयात दत्तक गेलेल्या, फार हालात वाढलेल्या ६५ मुलांचा अभ्यास १९९९ मध्ये आला. दत्तक जाण्याआधी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ७७ होता. किशोरवयात तो घराच्या परिस्थितीनुसार सरासरी ८५ ते ९८ पर्यंत गेला. उशीर झाला तर चढण जास्त असते, पण चढता येते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मायकेल रटर यांच्या गटाने रुमानियातून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. पहिले सहा महिने संपायच्या आत घर मिळालेली मुलं पुढे जवळजवळ इतर मुलांसारखीच निघाली. त्याहून जास्त काळ संस्थेत काढलेल्यांपैकी अनेकांना चंचलपणा, अनोळखी माणसांशी अति सलगी अशा अडचणी चांगल्या घरातही पुढे बराच काळ राहिल्या. काहींना मात्र काहीच अडचण आली नाही. रुमानियातल्या संस्थांची अवस्था भयानक होती. आपल्याकडच्या शिशुगृहांना तो निकाल जसाच्या तसा लावणं चूक आहे. तरी प्रेम दिलं की सगळं पुसलं जातं, असं आश्वासन मी कुणाला देत नाही. पुढे एखादी गोष्ट चिवटपणे राहिलीच, तर तो तुमच्या मायेवरचा ठपका समजू नका.

आता तिच्या वागण्याकडे येऊ. चारही गोष्टी मला ओळखीच्या आहेत, आणि तिच्या आजवरच्या दिवसांत त्या चारही शहाणपणाच्या होत्या.

न रडणं घ्या. एरवी काय होतं? बाळ रडतं, कुणीतरी येतं, पोट भरतं किंवा ओलं दुपटं बदललं जातं, बाळ शांत होतं. वर्षभरात हे हजारो वेळा घडतं आणि त्यातूनच बाळाचं शरीर ताण चढल्यावर परत उतरवायला शिकतं. मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांवर हे पार जनुकांपर्यंत जाऊन दाखवलं. पिल्लांना भरपूर चाटणाऱ्या आईजवळ वाढलेली पिल्लं मोठेपणी कमी भेदरट निघाली, कारण ताण आवरणाऱ्या एका जनुकाचं काम त्यांच्या मेंदूत जास्त चालत होतं. पिल्लू दुसऱ्या आईच्या पोटचं असलं तरीही हेच दिसलं. जिथे रडून कुणी येत नाही, तिथे मूल रडणं सोडून देतं. शेजारणी ‘किती शहाणी आहे, रडतच नाही’ म्हणतात ना, ते तेवढं मनावर घेऊ नका. ती पडली की ती रडली आहे असंच समजून जा. उचला, ‘लागलं ना, बघू’ म्हणा, फुंकर घाला. काही आठवड्यांनी ती खरोखर रडायला लागेल, जेवताना, झोपताना, तुम्ही बाथरूमला गेलात तरी. घरातले म्हणतील, बिघडली. मी मात्र त्या दिवशी पेढे वाटायला सांगते.

लिफ्टमधल्या कुणाकडेही जाणं ‘मोकळ्या स्वभावाचं’ वाटतं. खरं तर तिच्या लेखी अजून सगळी माणसं सारखीच आहेत. यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे. पुढचे तीन-चार महिने, जमलं तर सहा, तिला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आणि लागलं-खुपलं की उचलणं हे फक्त तुम्ही दोघांनी करायचं. बाकीच्यांनी हसावं, बोलावं, शेजारी बसून खेळावं. तिने हात पसरले तर ‘आईकडे जायचं?’ म्हणून तुमच्याकडे वळवावं. बारसं किंवा स्वागताचा घरगुती समारंभ करायचा असेल तर पुढे ढकला, नाहीतर पन्नास जणांच्या मांडीवरून ती फिरेल. सासूबाई मदतीला आल्या असतील तर आपल्याकडे नेहमी होतं त्याच्या उलट करा. पोळ्या-भाजी त्यांनी बघावी, मूल तुम्ही बघा. त्यांना वाईट वाटेल, आजी होण्याची त्यांनीही वाट पाहिलेली असते. ‘आधी तिला दोन माणसं पक्की होऊ देत, मग तिसऱ्या तुम्हीच’ असं मी अनेक आज्यांना समोर बसवून सांगितलंय, आणि बहुतेकींना ते पटतं. वडिलांचा वाटा ठरावीक असू दे. संध्याकाळची आंघोळ रोज त्यांचीच, असं काहीतरी. महापेच्या ऑफिसातून सुटून घरी पोहोचायला कितीही वाजले तरी ते चुकवू नका.

पोळीचा तुकडा काढून घेऊ नका, आणि ‘शी, शिळं’ही म्हणू नका. तिच्या हाताला लागेल अशा जागी लहानसा डबा ठेवा, त्यात पोळीचे तुकडे, केळ्याचे काप, मऊ राजगिऱ्याचा लाडू. फक्त खाताना ती बसलेली असावी आणि तुमचं लक्ष असावं, घास घशात अडकायला नको. झोपताना मूठ रिकामी करायची गरज नाही, झोप लागल्यावर हळूच काढून घ्या आणि सकाळी उठल्याबरोबर डबा समोर ठेवा. अन्न संपत नाही हे तिच्या पोटाला पटेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. डुलण्याचंही तसंच. स्वतःला झोपवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिने शोधलेली युक्ती आहे ती. थांबवू नका. जवळ बसा, पाठीवर हात ठेवा, तिच्या लयीत काहीतरी गुणगुणा. अंगाला हात लावलेला आवडत नसेल तर तेल-मालिश वगैरेची घाई नको, आधी नुसते तळपाय चोळा.

भाषेबद्दल तुम्ही काळजी केलीत की ती मोजून पाच-सहा शब्द बोलते. अहो, तिची सगळी भाषाच एका दिवसात बदलली! जेनेट वर्कर यांचा १९८४ चा प्रसिद्ध प्रयोग आहे. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वेगळे ओळखू आले. दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बरीच ओसरली, कारण आसपास ते आवाजच नव्हते. म्हणजे पहिल्या वर्षातच कान आपल्या घरच्या भाषेचा होऊन जातो. तुमच्या मुलीचा ओडियाचा झालाय, आणि त्यात तुमचं नशीब चांगलं आहे. ओडियात ट-त आहेत, आपल्यासारखा ‘ळ’सुद्धा आहे. मॉन्ट्रियलमध्ये, चीनमधून साधारण वर्षाच्या आतबाहेर फ्रेंच घरांत दत्तक गेलेल्या मुलींना पुढे चिनी शब्द एकही आठवत नव्हता, पण चिनी बोलण्यातले सुरांचे चढउतार ऐकवल्यावर त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच प्रतिसाद देत होता. पहिलं वर्ष असं आत राहून जातं. म्हणून मावशींकडून आठ-दहा ओडिया शब्द शिकून घ्या आणि मराठीच्या जोडीने वापरा. तिचं जुनं नाव एकदम टाकू नका, नव्याबरोबर काही महिने तेही चालू द्या. तिच्याजवळ तिचं स्वतःचं असं तेवढंच आहे.

मोबाइलवर ओडिया बालगीतं लावू का, असं विचारलंय. नको. पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी ऐकवलं. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणारी बाळं ते आवाज शिकली, तेच चित्रफितीवर पाहणारी काहीही शिकली नाहीत. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन वर्षांखाली पडदा नको असाच आहे, फक्त दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणं तेवढं चालतं. गाणं तुम्ही म्हणा, सुरात नसलं तरी. ती ‘आ’ म्हणाली की तुम्ही ‘आ’ म्हणा आणि थांबा. पुन्हा तिची पाळी. घणसोलीच्या सेंट्रल पार्कात तिने कुत्र्याकडे बोट दाखवलं की ‘भू-भू आला’ म्हणा. ते बोट आणि त्यामागून तुमचं लगेच आलेलं उत्तर, पुढचं बोलणं यावरच उभं राहतं.

आत्तापर्यंतचं सांगायचं तर: आकड्यांची चिंता सोडा, वय हातात आहे, चारही लक्षणं समजण्यासारखी आहेत, आणि औषध म्हणाल तर तीच दोन माणसं पुन्हापुन्हा. प्लेस्कूल त्यात बसत नाही, निदान आत्ता. चांगल्या प्लेस्कूलबद्दल माझी तक्रार नाही, पण तिच्यासाठी ती आणखी एक संस्था आहे, पुन्हा बदलणाऱ्या मावश्या आणि पुन्हा बरीच मुलं. याच भागातला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला एक दाखला आठवतो. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केलं. वारली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. मूल आपल्या माणसांच्या नजरेच्या टप्प्यात असलं की शिकायला मोकळं होतं, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं. तुमच्या मुलीला ती ‘आपली माणसं’च अजून मिळायची आहेत. लागलं की ती बागेतल्या सगळ्या बायकांना सोडून तुमच्याकडे धावत येते, असं सलग काही आठवडे दिसलं की शाळेचा विचार करा.

आता ती शेवटची ओळ. आईसारखं वाटत नाही. दीड महिन्यात वाटायलाच हवं असं कुणी ठरवलं? पोटच्या बाळाबद्दलही अनेक बायांना पहिले आठवडे परकं वाटतं, फक्त ते उघड बोलायची सोय नसते. तुमच्याकडे नऊ महिन्यांची तयारी नव्हती. वर्षानुवर्षं यादीत थांबणं, कागदपत्रं, गृहभेट, आणि मग एक दिवस फोन. समोर आलेलं मूल तुमच्याकडे आणि वॉचमनकडे सारख्याच नजरेने बघतं, त्याने मन दुखावतंच. मी पाहिलंय ते असं की बहुतेक घरांत काळजी घेणं आधी सुरू होतं आणि ओढ मागाहून लागते. मुलालाही आणि आईलाही. भरवणं, पुसणं, रात्री उठणं हे तुम्ही करताय. मुलीच्या अंगाला कळतं ते तेवढंच, तुमच्या मनात तेव्हा काय होतं हे तिला कळत नाही. आणि दर वेळी अचूक प्रतिसाद द्यायलाच हवा असंही नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि बाळांचं क्षणाक्षणाचं निरीक्षण केलं, तर चांगल्या चाललेल्या जोड्यांतही दोघांचा सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच होता. उरलेला वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं यात जातो, आणि त्यातूनही मूल शिकतं.

मात्र दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, मूल झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, हे सगळं करून चूक केली असं सारखं मनात येत असेल, तर थांबू नका. दत्तक घेतल्यानंतरही नैराश्य येतं आणि ते उपचारांनी बरं होतं. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोला. पाठपुराव्याच्या भेटीला समाजसेविका येते तेव्हा आपण वाईट पालक ठरू या भीतीने बरेच जण सगळं छान छान सांगतात. तिला खरं सांगा. मूल काढून घ्यायला ती येत नाही.

तपासण्या मात्र लगेच करून घ्या. वजन, उंची आणि डोक्याचा घेर तीन महिन्यांच्या अंतराने वाढीच्या तक्त्यावर मांडा. आजचा आकडा कमी असेल, पण रेघ वर चढतेय का ते बघायचं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, कारण लोह कमी असेल तर मूल मलूल राहतं आणि शिकणंही मंदावतं. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना रक्तक्षय आहे, त्यामुळे शिशुगृहाचा दोष शोधत बसू नका. थायरॉइड, शौचाची तपासणी, एचआयव्ही आणि कावीळ-बी पुन्हा एकदा, लसीकरणाचं कार्ड. डोळे दाखवा. कान तर नक्कीच. टाळी वाजवली की वळून बघते यावर समाधान मानू नका. बेरा चाचणी करा, म्हणजे आवाजाला मेंदूपर्यंतचा प्रतिसाद यंत्राने मोजतात ती, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. पुढे एक लक्षात असू द्या, कुपोषणानंतर झपाट्याने वाढणाऱ्या काही दत्तक मुलींमध्ये वयात येणं लवकर सुरू होतं, तेव्हा आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तीन महिन्यांनी स्वतःलाच विचारा: दुखलं की ती मला शोधते का? नावाला वळते का? बोट दाखवून माझ्याकडे बघते का? आठवड्याला एखादा नवा शब्द येतोय का? उत्तरं बहुतेक ‘हो’कडे झुकत असतील तर आहे तसंच चालू ठेवा. घरी येऊन सहा महिने झाले तरी बोट दाखवणं नाही, नजर भिडत नाही, डुलणं वाढतंच आहे, किंवा कधीही आलेले शब्द गेले, तर विकासाची पूर्ण तपासणी करून घ्या. संस्थेतून आलेल्या काही मुलांत स्वमग्नतेसारखी (ऑटिझमसारखी) लक्षणं दिसतात आणि घरात मावळतात, काहींत ती खरी स्वमग्नता असते. घरबसल्या हे ओळखता येत नाही. खासगी परवडत नसेल तर जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, ही तपासणी आणि थेरपी मोफत होते. जाताना शिशुगृहाचे दोन्ही अहवाल आणि ती घरी खेळत असतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ बरोबर न्या. दवाखान्यात अशी मुलं आमच्याशीच इतकी गोड वागतात की घरी काय चाललंय त्याचा आम्हाला पत्ता लागत नाही.